विद्यापीठातला पीकशास्त्र विभाग नेमकं करतो काय?

हिरवी_काडी

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की विद्यापीठांचे पीकशास्त्र विभाग म्हणजे जमीन अडवून बसलेली खाती, वाण तर आता कंपन्याच काढतात. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय. मी याच क्षेत्रातली आहे, तेव्हा थोडी बाजू घेणार हे धरूनच चाला.

विभागाचं काम म्हणजे नवे वाण काढणं, असा बाहेरून बघणाऱ्याचा समज असतो. वाण हा त्यातला एक भाग. पैदास, पिकाची शरीरक्रिया, लागवडीच्या पद्धती, तणं, बियाण्याचं शास्त्र आणि या सगळ्याला लागणारं संख्याशास्त्र असं बरंच काही एका छपराखाली नांदतं. रोग आणि किडींचे विभाग बहुतेक ठिकाणी वेगळे असतात, पण प्लॉटवर सगळे एकाच बांधावर उभे दिसतात. यांच्यात समान काय म्हणाल तर तुलना. हा वाण त्यापेक्षा बरा का, या दिवसाची पेरणी त्या दिवसापेक्षा बरी का, याचं उत्तर असं द्यायचं की उद्या दुसऱ्या कुणी तपासलं तरी ते टिकावं.

ऐकायला सोपं आहे. पण एकाच शेतात चार पावलांवर मातीचा पोत बदलतो. एका कोपऱ्यात पाणी साचतं, दुसरीकडे मुरूम वर आलेला असतो. नवा वाण चांगल्या तुकड्यात पडला आणि जुना खराब तुकड्यात, तर निकाल मातीचा लागतो आणि श्रेय वाणाला मिळतं. संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात गेले तेव्हा तिथे कित्येक दशकांच्या गव्हाच्या नोंदी पडून होत्या. त्या चाळता चाळताच त्यांनी आज सगळं जग वापरतं ती पद्धत बसवली. शेताचे गट पाडा, प्रत्येक गटात सगळे वाण घ्या, कुठला वाण कुठल्या वाफ्यात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि हे अनेक गटांत पुन्हा पुन्हा करा. पुढे औषधांच्या चाचण्यांनीही चिठ्ठ्यांचा हाच नियम उचलला.

गंमत म्हणजे तिथल्याच ब्रॉडबाल्क या शेतातला, १८४३ पासून चालू असलेला गव्हाचा प्रयोग या नियमांत बसत नाही. त्याची आखणी फिशर यांच्या जन्माआधीची!

शून्यएक

धागा आवडला. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे प्रश्न भाबडा वाटेल. जनुकीय आराखडा वाचणं आता इतकं स्वस्त झालंय, तर एक वाण यायला दहा-बारा वर्षं का लागतात? चांगली जनुकं कुठली ते बघा, एकत्र आणा, संपलं. की हा सरकारी वेग आहे?

हिरवी_काडी

शून्यएक, प्रश्न भाबडा अजिबात नाही, आमच्याकडे निधी देणारेही हेच विचारतात.

गव्हाचंच घ्या. तो स्वतःच स्वतःचं परागीकरण करतो, म्हणून संकर करायचा तर आधी त्याला अडवावं लागतं. ओंबी पानाच्या कोषातून बाहेर येते न येते तोच तिच्या फुलांची टोकं कातरायची आणि चिमट्याने प्रत्येक फुलातले तीन परागकोश काढायचे. ते हिरवे असतानाच निघायला हवेत. पिवळे पडून फुटले की ओंबी गेली. तीनपैकी एक जरी आत राहिला तर जे बी धरेल ते संकराचं की आईचंच, हे सांगता येत नाही. मग कागदी पिशवी चढवायची, चिठ्ठी बांधायची, दोन-तीन दिवसांनी आतली कुक्षी पिसासारखी फुलली की बापाच्या ओंबीतले पराग तिच्यावर झटकायचे. पाठ, मान आणि डोळे तिन्ही एकदम दुखणारं हे काम आहे.

पहिल्या पिढीतली सगळी रोपं एकसारखी. दुसऱ्या पिढीत सगळं फुटतं आणि मग एकाला एक न जुळणारी रोपं दिसतात. तिथे ज्या ज्या जनुकांच्या जोड्या मिश्र (म्हणजे दोन्ही प्रती वेगळ्या) आहेत त्यांतल्या निम्म्या प्रत्येक पिढीला स्थिर होत जातात. दुसऱ्या पिढीत निम्म्या मिश्र, तिसरीत पाव, आणि सहावीत बत्तिसांत एक. म्हणजे सहाव्या पिढीच्या सुमाराला ओळ, म्हणजे त्या संकरातून निघालेला वंश, स्थिर म्हणता येते. वर्षाला एक पिढी धरली तर सहा वर्षं इथेच गेली.

हा भाग आता आवरता येतो. क्वीन्सलँड विद्यापीठ आणि इंग्लंडच्या जॉन इनेस केंद्रातल्या मंडळींनी २०१८ मध्ये दाखवलं की काचघरात दिवसाला २२ तास उजेड ठेवला तर वसंत गव्हाच्या (वसंतात पेरतात त्या प्रकारच्या) वर्षाला सहापर्यंत पिढ्या घेता येतात. जनुकीय खुणांवरून रोपटं कोवळं असतानाच निवडही करता येते. म्हणजे तुमचं निम्मं म्हणणं खरं ठरलंय.

राहिलेलं निम्मं मात्र शेतात अडकतं. दुष्काळी वर्ष काचघरात मागवता येत नाही. वाण चार-पाच ठिकाणी, दोन-तीन हंगाम उभा राहिल्याशिवाय तो लोळतो का, तांबेऱ्याला बळी पडतो का, उशिराच्या उन्हात दाणा बारीक करतो का, हे कळायला मार्ग नाही. उत्पादन ठरवणारं एक जनुक नसतं, लहानसहान परिणामांची शेकडो असतात, आणि त्यांतली काही एका हवामानात मदत करतात तर दुसऱ्यात नडतात. संगणकी अंदाज बांधायचा तरी त्याला शिकवायला प्लॉटवरचे आकडे लागतातच. कचरा आकडे दिले तर काय बाहेर येतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

शून्यएक

हा हा, ते शेवटचं वाक्य आमच्याकडे भिंतीवर लावतो. म्हणजे अडतंय ते आकडेमोडीपाशी नाही, मोजमापापाशी अडतंय, असं समजू का?

हिरवी_काडी

अगदी तसंच. रोपाचा डीएनए एका दिवसात वाचून होतो. त्याची मुळं कशी वाढली हे बघायला अजूनही खणावंच लागतं.

नांगरट

मी शेती करतो. ताई, राग नका मानू, पण तुमच्या चाचणीतलं उत्पादन आमच्या रानात कधी दिसतच नाही. पत्रकावर आकडा बघायचा, बी आणायचं, आणि काढणीला डोक्याला हात लावायचा. मग भरवसा कशावर ठेवायचा?

हिरवी_काडी

राग कशाला, दादा. हा प्रश्न प्रत्येक शिवारफेरीत निघतो आणि त्याला गुळमुळीत उत्तरं दिली जातात.

चाचणीचा प्लॉट लहान असतो. पेरणी वेळेवर, ओळींतलं अंतर फूटपट्टीने, तण हाताने काढलेलं, पाणी हवं तेव्हा. पेरलेल्या सगळ्या क्षेत्राचं असं कोडकौतुक कुणालाच परवडणार नाही. शिवाय लहान प्लॉटवरून हेक्टरी आकडा काढताना बारीकशी चूकही फुगते. कडेच्या ओळींना मोकळा उजेड आणि शेजारचं खत-पाणी मिळतं, म्हणून काढणीच्या दिवशी नीट काम करणारे लोक आधी चारही बाजूंच्या कडा कापून बाजूला टाकतात आणि मधलंच पीक तोलतात. धान्यातली ओल मोजून सगळ्या प्लॉटचं वजन एकाच ओलीवर आणतात. हे दोन्ही सोडून दिलं तर आकडा कागदावर झकास दिसतो.

म्हणून पत्रकावरचा नुसता आकडा वाचू नका. त्याच चाचणीत तुमच्या ओळखीचा जुना वाण तुलनेला असेल, त्याच्यापेक्षा नवा किती वर आहे ते बघा. फरक त्यातल्या त्यात टिकाऊ असतो. आणि तो किती ठिकाणी, किती वर्षं टिकला तेही विचारा. दोन वाणांमधला फरक माती-मोजमापामुळे चाचणीत योगायोगानेही पडू शकतो एवढाच असेल तर ते दोन्ही सारखेच समजायचे, मग जाहिरातीत एक कितीही वर दाखवलेला असो.

यात आमच्या बाजूचं खरं दुखणंही आहे. बरीच संशोधन केंद्रं चांगल्या, पाण्याच्या जमिनीवर बसवलेली आहेत. तिथे निवडलेला वाण हलक्या, कोरड्या जमिनीत नेला की क्रमवारी उलटू शकते. पहिला आलेला खाली जातो आणि तिथे नापास झालेला तग धरतो. वाण आणि परिसर यांची ही गुंतागुंत पुस्तकात पहिल्या वर्षाला शिकवतात आणि केंद्र बांधताना विसरतात.

नांगरट

हे पटलं. जुन्या वाणाशी तुलना बघायची हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मोठा आकडा कुणाचा एवढंच बघतो आम्ही.

तुसाळ

मी बियाणे उद्योगात आहे. (मूळ शेरा माझा नाही, आधीच सांगतो!) पण त्यात तथ्य आहे. मक्यासारख्या पिकात खासगी क्षेत्राकडे जेवढे प्लॉट, यंत्रं आणि माणसं आहेत त्यांच्या जवळपासही विद्यापीठ पोचत नाही. मग त्यांनी त्याच शर्यतीत का धावावं?

हिरवी_काडी

धावूच नये, असं माझंही मत आहे. संकरित मक्यात शेतकरी दर हंगामाला नवं बी घेतो, तेव्हा तिथे पैसा आहे आणि पैसा आहे तिथे कंपन्या येणारच. स्वपरागित पिकं, डाळी, चाऱ्याची पिकं, कमी क्षेत्रावरची धान्यं यांत शेतकरी घरचंच बी ठेवतो. तिथे गुंतवणूक परत येत नाही, म्हणून तिथे कुणी फिरकत नाही. विभागाची जागा तिथे आहे.

आणि अशा प्रश्नांत, ज्यांचं उत्तर तीन तिमाहींत मिळणार नाही. इलिनॉय विद्यापीठात १८९६ मध्ये मक्याची १६३ कणसं घेऊन एक निवड सुरू झाली. एका ओळीत दरवर्षी जास्त तेलाची कणसं ठेवायची, दुसरीत कमी तेलाची, तसंच प्रथिनांचं. सुरुवातीला तेल पाच टक्क्यांच्या आत होतं. शंभर पिढ्यांनंतर जास्त तेलाची ओळ वीस टक्क्यांच्या घरात गेली आणि तरीही बदल संपलेला नव्हता. एवढ्याशा कणसांत इतकी विविधता दडलेली असते हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळलं असतं?

त्याच विद्यापीठात १८७६ पासूनचे मॉरो प्लॉट आहेत, एका तुकड्यात तेव्हापासून मक्यावर मका. १९६०च्या दशकात शेजारी ग्रंथालय बांधायचं ठरलं. इमारतीची सावली पिकावर पडली तर इतक्या वर्षांच्या नोंदींची तुलना बिघडणार. म्हणून त्यांनी ग्रंथालय जमिनीखाली बांधलं. विभागाचं ध्येयधोरण वगैरे शब्द वाचले की मला ते ग्रंथालय आठवतं.

गारवेल

मस्त! अशीच एक भर. मिसुरी विद्यापीठात १८८८ पासूनचं सॅनबॉर्न फील्ड आहे, पीक फेरपालट आणि खतांचे प्रयोग चालतात. १९४०च्या दशकात तिथल्या एका प्लॉटमधली माती सूक्ष्मजीव शोधणाऱ्यांकडे गेली आणि तिच्यातल्या जिवाणूपासून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक मिळालं, टेट्रासायक्लिन घराण्यातलं पहिलं. गवताच्या प्लॉटमधून औषध! जर्मनीत हाले विद्यापीठातही १८७८ पासून रायवर राय (गव्हासारखं एक धान्य) पेरतायत, त्या प्रयोगाचं नावच ‘शाश्वत राय’.

तुसाळ

छान आहे हे सगळं, पण संग्रहालयासारखं वाटतं. आजच्या माणसाला काय मिळालं?

गारवेल

भाताचं सांगतो. बहुतेक भाताची जात आठवडाभर पूर्ण बुडाली की कुजते. ओडिशातली एफआर१३ए ही जुनी जात दोन आठवड्यांपर्यंत तग धरते, हे संशोधकांना कित्येक वर्षं ठाऊक होतं. पण तिचं उत्पादन कमी, आणि नेहमीच्या संकरात तिचे नको ते गुणही सोबत यायचे. कॅलिफोर्नियातली विद्यापीठं आणि फिलिपिन्समधली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था यांनी मिळून २००६ मध्ये सब१ए हे जनुक नेमकं हुडकलं. ते करतं काय, तर रोप बुडाल्यावर त्याला वाढूच देत नाही. बाकीची रोपं पाण्याबाहेर डोकं काढायला उंच वाढत साठवलेली ताकद संपवतात, हे गप्प बसून राहतं आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटतं. जनुकाच्या खुणा हाती आल्यावर तेवढाच तुकडा स्वर्णा या लोकप्रिय वाणात उतरवला, आणि स्वर्णा-सब१ भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला. पूर येतो त्या भागातल्या गरीब शेतकऱ्यासाठी हे काम कुठल्या ताळेबंदात बसलं असतं?

हिरवी_काडी

गारवेल, +१.

तुसाळ, तुमच्या प्रश्नाला माझं वेगळं उत्तर आहे, आणि ते जरा कडू आहे. संकरित मक्याचं बी तयार करताना मादी ओळीचे तुरे हाताने काढावे लागतात. ते कष्ट वाचवायला अमेरिकेत टेक्सास प्रकारची नरवंध्यता वापरात आली. त्या ओळीला परागच धरत नाहीत, तुरे काढायची गरजच नाही. इतकी सोय झाल्यावर काय, १९७०पर्यंत तिथला ८० टक्क्यांहून जास्त मका याच एका पेशीद्रव्याचा (पेशीतल्या केंद्रकाबाहेरच्या द्रव्याचा, ही नरवंध्यता त्यातूनच येते) झाला होता. त्या वर्षी करप्याच्या बुरशीचा नेमका त्यालाच लागणारा प्रकार पसरला आणि देशाच्या मक्याचं सुमारे १५ टक्के नुकसान झालं.

यातली मला अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. हे पेशीद्रव्य त्या रोगाला जास्त बळी पडतं, असं फिलिपिन्समधल्या संशोधकांनी १९६१ मध्येच छापलेलं होतं. नऊ वर्षं! माहिती होती, पण तिच्यावरून निर्णय बदलणारं कुणी नव्हतं. सोयीच्या वाटेने सगळे एकाच बाजूला झुकले की थांबा म्हणणारा कुणीतरी लागतो, आणि ज्याची विक्री त्या वाटेवर अवलंबून नाही तोच ते म्हणू शकतो. विद्यापीठं तेव्हा कमी पडली, कारण त्यांनीही तीच वाट धरली होती.

तुसाळ

हे मान्य. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्याकडचा प्रत्येक पैदासकार कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाच्या प्लॉटवरच शिकून आलाय. ते बंद पडले तर आम्ही माणसं आणणार कुठून?

कोवळं_ऊन

मला ध्येयाबद्दल विचारायचंय. सगळी चर्चा उत्पादनावरच चाललीय. अजून किती वाढवणार?

हिरवी_काडी

चांगला मुद्दा, आणि इथे विभागांमध्येच दोन तट आहेत.

हरितक्रांतीतली बरीचशी वाढ पीक मोठं होऊन झाली नाही. ती वाटणीतून आली. उंच जुन्या गव्हात जमिनीवरच्या एकूण वजनापैकी साधारण तिसरा हिस्सा दाण्यात जायचा. आताच्या बुटक्या वाणांत तो निम्म्याच्या आसपास आलाय. बुटकेपणाची जनुकं जपानच्या नोरिन १० या गव्हाच्या वाणातली. ती अमेरिकेत १९४६ मध्ये आली, वॉशिंग्टन राज्यात गव्हाचे पैदासकार ऑर्व्हिल व्होगेल यांनी आपल्या गव्हात घेतली, आणि त्यांनी ते बी मेक्सिकोत हरितक्रांतीचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांना पाठवून दिलं. करार नाही, हक्क नाही. आज तेवढंच पाकीट पाठवायचं तर आधी कागदांचा गठ्ठा सह्या होऊन यावा लागतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाभोवतीच्या काही मंडळींनी २०१२ मध्ये खुल्या बियाण्यांची (कुणालाही मोकळेपणी वापरता येतील अशा) चळवळ सुरू केली ती याच वैतागातून.

पण दाण्याचा हिस्सा वाढवत नेता नेता कुठेतरी थांबावंच लागतं, रोपाला उभं राहायला काडी आणि जेवायला पान हवंच. म्हणून आता काही जण प्रकाशसंश्लेषणच सुधारायच्या मागे आहेत. काही म्हणतात, उत्पादन आहे तेवढं राहू दे, खर्च आणि नासाडी कमी करा. जगभरात शेतात घातलेल्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपासच पिकात पोचतं, उरलेलं पाण्यात आणि हवेत. मी या दुसऱ्या तटातली. वाईट वर्षात न कोसळणारा वाण मला चांगल्या वर्षात विक्रम करणाऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो. अडचण एवढीच की न कोसळण्यावर शोधनिबंध लिहायचा तर वाईट वर्ष यायची वाट बघावी लागते, आणि प्रकल्प असतो तीन वर्षांचा.

ती माझी मुख्य तक्रार. विभागाचं मूल्यमापन निबंधांच्या संख्येवर होतं. दोन वर्षांत निबंध देणाऱ्या कामाला माणूस मिळतो. वीस वर्षं त्याच प्लॉटवर तीच मशागत करून नोंद ठेवणाऱ्याची जागा तो निवृत्त झाला की भरत नाहीत. वर ड्रोन फिरतोय आणि खाली रोपट्यावरचा डाग रोगाचा की अन्नद्रव्याच्या कमतरतेचा हे सांगणारा कुणी नाही, अशी अवस्था मी पाहिली आहे.

शून्यएक

ड्रोनवर राग दिसतोय. :)

हिरवी_काडी

राग नाही हो. हजारो प्लॉटची उंची आणि हिरवेपणा तो एका सकाळी मोजतो, आम्हाला आठवडा लागायचा. फक्त त्याचे आकडे खरे की खोटे हे ठरवायला खाली जमिनीवर कुणीतरी पट्टी घेऊन उभं असावं लागतं.

प्रश्नचिन्ह

मी विद्यार्थी. शेतीची पार्श्वभूमी नाही, जीवशास्त्र आणि गणित दोन्ही आवडतं. अशा विभागात प्रवेश घेऊ का? विभाग चांगला की नुसता नावाला, हे कसं ओळखायचं?

हिरवी_काडी

पार्श्वभूमी नसली तरी चालतं, गणित आवडत असेल तर सोन्याहून पिवळं.

प्रवेशाआधी एकदा जाऊन बघ. इमारत नंतर, आधी शेत. प्लॉटवर पाट्या आहेत का, आणि एखाद्या पाटीकडे बोट दाखवून विचारलं तर तिथला विद्यार्थी उत्तर देतो की ‘सरांना विचारा’ म्हणतो, यावरून बरंच कळतं. सगळ्यात जुना चालू प्रयोग किती वर्षांचा ते विचार. नोंदी विद्यार्थी स्वतः घेतात का तेही विचार. गव्हासारख्या पिकाच्या वाढीसाठी झाडोक्स यांची १९७४ची मोजपट्टी असते, उगवणीपासून पक्व होईपर्यंत प्रत्येक अवस्थेला एक आकडा. तुमचा प्लॉट आज कितीवर आहे असं विचारलं आणि समोरच्याने ओंबी सोलून, परागकोश बघून ‘पासष्ट’ म्हटलं, म्हणजे निम्मा फुलोरा झालाय, तर डोळे मिटून प्रवेश घे.

आणि संख्याशास्त्राचा तास टाळू नकोस. पुढे रडणारे सगळे तिथेच टाळाटाळ केलेले असतात.

प्रश्नचिन्ह

धन्यवाद ताई! एकच शंका. ऊन फारसं सोसत नाही मला.

हिरवी_काडी

मग बियाणे प्रयोगशाळेचा विषय घे. उगवणशक्तीच्या चाचण्या सावलीत, ठरावीक तापमानाच्या खोलीत चालतात, ओल्या कागदावर बी मांडायचं आणि कोंब मोजायचे. फक्त फुलोऱ्याच्या आठवड्यात आम्ही तिथलीही माणसं हाताला धरून प्लॉटवर नेतो, चिमटा सोबत आण.

नांगरट

टोपी पण आण रे.